मुंबईच्या प्लेगचा एक वक्र, १९०५–०६ : जुळलेला आलेख आणि न सुटलेले कारण

प्रकरण कशाविषयी आहे

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या ३१ आठवड्यांत मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, एवढीच माहिती या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मृतांची नावे, त्यांच्या चाळी, त्यांची वये यांपैकी काहीही या आकड्यांत नाही. एकवीस वर्षांनी, १९२७ मध्ये, एडिंबरा येथील विल्यम ओगिल्व्ही करमॅक आणि अँडरसन ग्रे मॅकेन्ड्रिक या दोन संशोधकांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि आपला सिद्धान्त प्रत्यक्षाशी पडताळण्यासाठी त्यात हेच आकडे वापरले. साथीच्या आजारांचा प्रसार गणिताने मांडण्याचे आजचे बहुतेक काम ज्या मॉडेलपासून सुरू होते, ते हेच. लोकसंख्येचे तीन गट पाडायचे, बाधा होऊ शकणारे, बाधित, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीतून बाहेर पडलेले, आणि एका गटातून दुसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात ते समीकरणांनी सांगायचे, ही त्याची रीत.

निबंधातील आलेखात मुंबईच्या मृत्यूंचे ठिपके आणि सूत्राने काढलेली रेघ एकमेकांजवळून जातात. गेली कित्येक दशके तो आलेख पाठ्यपुस्तकांतून यशाचा नमुना म्हणून फिरत आहे. मला मात्र तो वेगळ्या कारणासाठी अभ्यासावासा वाटतो. साथ कशी चढली आणि कशी उतरली हे त्या रेघेने नेटके सांगितले. ती का उतरली, हे तिला सांगता आले नाही, आणि मुंबईच्या आरोग्य खात्याला जे निर्णय घ्यायचे होते ते सगळे त्या 'का'वर अवलंबून होते.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण पाहून मूळचे गोव्याचे डॉक्टर आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. घरझडत्या, रुग्णांना सक्तीने हलवणे, सामान जाळणे या उपायांनी लोक इतके धास्तावले की आजारी माणूस लपवणे ही सर्वसाधारण गोष्ट झाली. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर हल्ला झाला, त्यामागेही हाच संताप होता. मृत्यूंची नोंद पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही, कारण नोंदवहीत न आलेला मृत्यू गणिताच्या दृष्टीने झालेलाच नसतो.

पहिल्या तडाख्यानंतर प्लेग गेला नाही. तो दरवर्षी येऊ लागला, आणि येण्याची वेळही जवळपास ठरलेली असे. हिवाळ्यात मृत्यू वाढू लागत, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान शिखर येई, आणि पावसाळ्याच्या सुमाराला शहर पुन्हा मोकळा श्वास घेई.

या काळात एक फार महत्त्वाचे काम मुंबईतच चालू होते. पिसवांमार्फत उंदरांतून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांतून मांडले होते, पण ते सर्वमान्य झालेले नव्हते. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागी, हा प्रश्न चिकाटीने तडीस नेला. पिसवांच्या उडीच्या आवाक्यातील पिंजऱ्यांत ठेवलेली गिनीपिग आजारी पडत आणि आवाक्याबाहेर टांगलेली वाचत, असे प्रयोग तेथे झाले. शहरातून गोळा केलेले लाखाहून अधिक उंदीर एका वर्षात तपासले गेले. त्यातून एक क्रम दिसला : आधी गटारांतले मोठे तपकिरी उंदीर मरतात, सुमारे दहा दिवसांनी घरांतले काळे उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे. 'उंदीर पडू लागले' की घर सोडून माळावर झोपडी घालायची हे खेड्यापाड्यांतील लोक अनुभवाने शिकलेच होते. आयोगाने त्या शहाणपणाला मोजमाप दिले. आयोगाचे अहवाल १९०६ पासून प्रसिद्ध होऊ लागले, म्हणजे १९२७ चा निबंध लिहिला गेला तेव्हा ही सगळी माहिती वीस वर्षांची जुनी होती.

लेखकांविषयीही दोन गोष्टी सांगायला हव्यात. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते आणि त्यांनी कसौली येथील पाश्चर संस्थेत काम केले होते; हिंदुस्थानातील साथी त्यांनी कागदावरच पाहिल्या होत्या असे मुळीच नाही. करमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, आणि त्यानंतरचे गणित त्यांनी मनातच केले.

प्रश्न

प्रश्न वरवर साधा होता. साथ का थांबते? शहरातील प्रत्येक माणसाला बाधा होण्याच्या कितीतरी आधी ती ओसरू लागते. मुंबईत १९०६ च्या त्या हंगामात, १९०१ च्या जनगणनेप्रमाणे आठ लाखांच्या घरातील वस्तीत, सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि रोग मागे हटला. बाकीचे लोक का वाचले?

या प्रश्नाची तीन उत्तरे शक्य होती. पहिले असे की बाधा होऊ शकणारे जीव कमी होत जातात आणि एका मर्यादेखाली गेल्यावर साखळी टिकत नाही. दुसरे असे की खुद्द जंतूचीच धार बोथट होत जाते. तिसरे असे की ऋतू बदलतो आणि प्रसाराला लागणारी परिस्थिती राहत नाही. अडचण अशी की तिन्ही कारणांनी काढलेला वक्र साधारण सारखाच दिसतो : हळू चढ, शिखर, उतार. फक्त वक्र समोर ठेवून कोणाला यांतील एक निवडता येईल का, हा या प्रकरणातील खरा पेच आहे.

कारणानुसार कृती बदलते, म्हणून हा पेच केवळ पंडितांचा नाही. उतार संपलेल्या उंदरांमुळे असेल, तर नवी पिल्ले वाढली की साथ परत येणार, आणि उंदरांची संख्या मर्यादेखाली ठेवणे हा उपाय ठरतो. जंतू दुबळा झाला असेल, तर खर्चिक उपाय आवरते घेता येतात. ऋतूमुळे उतार असेल, तर मे महिन्यातील घट हे कोणाचेही यश नव्हे, आणि पुढच्या डिसेंबरची तयारी जूनमध्येच सुरू करायला हवी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जुना आणि सोपा होता. विल्यम फार यांनी १८४० मध्ये इंग्लंडमधील देवीच्या मृत्यूंना घंटेसारखा वक्र लावून दाखवला होता, आणि १८६६ मध्ये गुरांच्या साथीला त्याच रीतीने ओहोटी लागेल असे सांगितले होते. ते खरेही ठरले. जॉन ब्राउनली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही परंपरा पुढे नेली आणि वक्राच्या दोन्ही बाजू सारख्या असण्यावरून जंतूची संसर्गक्षमता काळानुसार घटते असा निष्कर्ष काढला. यात गणित कमी लागते. पण आकृतीवरून कारण ओळखण्याचा धोका येथेच आहे.

दुसरा पर्याय रोनाल्ड रॉस यांचा. हिवतापाच्या डासांवर काम केलेल्या रॉस यांनी, आणि पुढे त्यांच्यासोबत हिल्डा हडसन यांनी, उलट दिशेने जायचे ठरवले. आधी प्रसाराची यंत्रणा गृहीत धरायची, तिची समीकरणे मांडायची, आणि मग त्यातून निघणारा वक्र आकड्यांशी ताडून पाहायचा. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी हाच मार्ग घेतला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, कारण यंत्रणा उघडपणे लिहिली की तिच्यातील चूक दाखवून देता येते.

तिसरा पर्याय होता उंदीर, पिसू आणि माणूस या तिघांची वेगवेगळी समीकरणे लिहून त्यांत तापमानानुसार बदलणारे दर घालण्याचा. संगणक नसताना ती समीकरणे सोडवणे अतिशय जिकिरीचे होते. अंध गणिती आणि एक डॉक्टर यांनी तो मार्ग घेतला नाही याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

काय केले

त्यांनी माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानले आणि उंदरांविषयी पाच गोष्टी गृहीत धरल्या. सगळे न बाधलेले उंदीर सारखेच रोगप्रवण आहेत. बेटावरील प्रत्येक उंदराला बाधेची समान शक्यता आहे. बाधा देण्याचे, बरे होण्याचे आणि मरण्याचे दर आजारभर बदलत नाहीत. प्रत्येक बाधित उंदीर मरतो किंवा रोगप्रतिकारक्षम होतो. आणि पिसवा इतक्या भरपूर आहेत की प्रसार थेट संपर्काने झाल्यासारखा मानता येईल.

मग मृत्यूंचे आकडे. नोंदलेल्या रुग्णांपैकी किमान ८० ते ९० टक्के दगावत असल्याने, आठवड्याचे मृत्यू म्हणजेच त्या आठवड्यात साखळीतून बाहेर पडलेल्यांची संख्या असे त्यांनी मानले. समीकरणांचे नेमके उत्तर सूत्रात बसत नसल्यामुळे, साथ फार मोठी नाही असे धरून त्यांनी एक ठोकळ उत्तर काढले. त्यानुसार आठवड्याचे मृत्यू मिळतात ते असे : पहिल्या आठवड्यापासूनचा काळ ०.२ ने गुणायचा, त्यातून ३.४ वजा करायचे, आलेल्या संख्येच्या हायपरबोलिक सेकंटचा (शून्यापाशी १ असणारे आणि दोन्ही बाजूंना सारखेच उतरत जाणारे एक गणिती फल) वर्ग घ्यायचा आणि त्याला ८९० ने गुणायचे.

हे सूत्र उलगडून पाहणे उपयोगी आहे, म्हणून पुढचे हिशेब मी स्वतः केले आहेत. शिखर १७ व्या आठवड्यात, म्हणजे १९०६ च्या एप्रिलच्या मध्यावर येते, आणि तेव्हा आठवड्याला ८९० मृत्यू होतात. सबंध वक्राखालची बेरीज ८,९०० भरते. चढणीच्या सुरुवातीला वाढीचा वेग आठवड्याला ०.४, म्हणजे मृत्यू साधारण बारा दिवसांत दुप्पट होतात. शिखराच्या पाच आठवडे आधी ३७४ आणि पाच आठवडे नंतरही ३७४, अशी ही रेघ दोन्ही बाजूंना अगदी सारखी आहे.

निष्पत्ती : जुळणी आणि तिच्या मर्यादा

जुळणी ठळकपणे दिसली, आणि लेखकांनी तिच्याविषयी जे लिहिले ते मला या सबंध प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या गृहीतकांपैकी एकही काटेकोरपणे पाळले जात नाही, सूत्र हे फार ओबडधोबड आहे, आणि अचलांच्या, म्हणजे समीकरणांतील स्थिर संख्यांच्या, प्रत्यक्ष मूल्यांविषयी त्यावरून निष्कर्ष काढू नयेत, असे त्यांनी त्याच पानावर स्पष्टपणे सांगितले. रेघ साधारणपणे आकड्यांना धरून जाते, यापलीकडे त्यांचा दावा नव्हता.

ही सावधगिरी केवळ विनयापोटी नव्हती, तिच्यामागे गणिती कारण आहे. वक्रातून तीनच संख्या मिळतात : उंची, रुंदी आणि शिखराची वेळ. मॉडेलला मात्र चार हव्या असतात : सुरुवातीला किती जीव बाधायोग्य होते, किती बाधित होते, संसर्ग किती वेगाने होतो, आणि बाधित जीव किती दिवस संसर्ग देतो. तीन आकड्यांवरून चार अज्ञात काढता येत नाहीत. परिणामी अनेक वेगवेगळ्या कथा त्याच रेघेवर चपखल बसतात.

त्या कथा किती वेगळ्या आहेत ते पाहा. क्षणभर उंदीर बाजूला ठेवू आणि माणसांनाच थेट मॉडेलमध्ये घालू. बाधित माणूस आठवडाभर संसर्ग देतो असे धरले, तर एक रुग्ण सुरुवातीला सरासरी १.४ जणांना बाधा देतो आणि निबंधातील ठोकळ सूत्राप्रमाणे बाधायोग्य माणसे सुमारे २२,००० निघतात. हाच काळ साडेतीन दिवस धरला, तर तो अंक १.२ होतो आणि बाधायोग्य माणसे सुमारे ३२,०००. आता शहरातील आठ लाख लोक सगळेच बाधायोग्य मानले, तर एक रुग्ण जेमतेम १.००६ जणांना बाधा देतो, आणि वाढीचा तोच वेग टिकवण्यासाठी संसर्गाचा काळ साधारण अडीच तासांवर आणावा लागतो. अडीच तासांचा प्लेग कोणी पाहिलेला नाही. तरीही कागदावर ही तिसरी रेघ पहिल्या दोघींवर तंतोतंत पडते.

म्हणजे शहराचे आठ लाख हे बाधायोग्यांचे माप असूच शकत नाही. जे खरोखर धोक्यात होते ते थोडे होते, विशिष्ट घरांत होते, आणि ते कोण हे उंदरांवर ठरत होते.

ऋतूची बाजू आणखी बोचरी आहे. आयोगाच्या निरीक्षणांनुसार मुंबईत उंदरामागील पिसवांची संख्या प्लेगच्या हंगामात वाढते आणि हंगाम सरल्यावर घटते; तापमान ८५ अंश फॅरनहाइटच्या वर गेले की पिसवांमार्फत होणारा प्रसारही मंदावतो. मुंबईत एप्रिल-मेमध्ये नेमके हेच घडते. म्हणजे वक्र ज्या आठवड्यांत उतरू लागला, त्याच आठवड्यांत हवामानही प्रसाराच्या विरोधात गेले होते. दर स्थिर आहेत असे मानणाऱ्या मॉडेलने ही सगळी घट कमी होत जाणाऱ्या उंदरांच्या खात्यात जमा केली. पहिले गृहीतकही डळमळीतच होते : वर्षानुवर्षे प्लेग सोसलेले मुंबईचे उंदीर मद्रासच्या उंदरांपेक्षा या जंतूचा जास्त प्रतिकार करतात, असे प्रयोगांत आढळले होते.

२०१२ मध्ये फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी ऋतुमान, उंदीर आणि पिसवा धरून मुंबईची तीच आकडेवारी पुन्हा तपासली, आणि स्थिर दरांच्या मॉडेलने मिळणारी मूल्ये वास्तवाशी मेळ खात नाहीत हे दाखवून दिले.

सिद्धान्त मात्र टिकला. साथ थांबण्यासाठी बाधायोग्य सगळे संपावे लागत नाहीत, त्यांची घनता एका उंबरठ्याखाली जाणे पुरेसे असते, हा त्या निबंधाचा गाभा आजही लसीकरणाच्या नियोजनाचा पाया आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण कच्चे निघाले म्हणून सिद्धान्त कच्चा ठरत नाही.

निर्णयाचे टप्पे

मागे वळून पाहताना मला तीन जागा अशा दिसतात, जेथे वाट बदलू शकली असती.

पहिली जागा एकच हंगाम निवडण्याची. मुंबईकडे १८९७ पासूनच्या ओळीने अनेक हंगामांच्या नोंदी होत्या. एका हंगामाला तीन अचल लावणे सोपे असते. दहा हंगामांना एकाच संचाने सांभाळणे अवघड असते, आणि त्या अवघडपणातच माहिती दडलेली असते. साथ फक्त उंदीर संपल्यामुळे ओसरत असती, तर पिल्लांच्या वाढीनुसार आणि उरलेल्या बाधेनुसार शिखराची तारीख वर्षागणिक सरकत राहिली असती. ती दरसाल त्याच दोन-तीन महिन्यांत येत होती. हंगामांची ओळ शेजारी शेजारी मांडली असती, तरी कोणतेही समीकरण न लिहिता ऋतूचा हात दिसला असता.

दुसरी जागा अख्खे बेट एकच भांडे मानण्याची. आयोगाने शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावांची स्वतंत्र पाहणी केली होती. उंदीर कोठे पडले आणि त्यानंतर माणसे कोठे आजारी पडली हे जागेनुसार पाहता येत होते. शहराचा एक गुळगुळीत वक्र हा प्रत्यक्षात अनेक वस्त्यांच्या लहान, टोकदार, मागेपुढे सुरू झालेल्या वक्रांची बेरीज असतो. बेरजेत टोके झिजतात आणि सगळीकडे एकाच वेगाने काही चालले आहे असा आभास तयार होतो.

तिसरी जागा मला सर्वांत जास्त हळहळ लावते, कारण तिची किल्ली मॅकेन्ड्रिक यांच्याच हातात होती. १९२६ मध्ये, म्हणजे अवघ्या वर्षभर आधी, त्यांनी हिंदुस्थानातील एका गावातील पटकीच्या साथीचे आकडे तपासले होते. २२३ घरांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नव्हता. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. त्यांनी विचारले की या १६८ घरांपैकी खरोखर धोक्यात असूनही वाचलेली किती, आणि ज्यांच्यापर्यंत रोग पोहोचलाच नाही अशी किती? रुग्ण असलेल्या घरांच्या वाटणीवरून हिशेब करून त्यांनी दाखवले की धोक्यात असूनही निभावलेली घरे सदतीसच्या आसपास होती. बाकीच्यांचा त्या साथीशी संबंधच आला नव्हता. मुंबईच्या प्रश्नात नेमकी हीच संख्या हरवली होती, आणि ती घरागणिक नोंदींतून शोधण्याची रीत त्यांनी स्वतःच घडवलेली होती. आठवड्यांच्या बेरजा वापरल्यामुळे ती रीत लावण्याची सोयच उरली नाही.

पुढे काय झाले

आलेख प्रवासाला निघाला आणि सावधगिरीची वाक्ये मागे राहिली. पाठ्यपुस्तकांत ठिपके आणि रेघ छापली गेली, खाली 'मुंबईतील प्लेग' अशी ओळ आली, आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना वाटले की जुळणी म्हणजे पुरावा. यात मूळ लेखकांचा दोष नाही. मॉडेल वापरणाऱ्याने गृहीतकांची यादी आकृतीपासून तोडली, तेथे चूक झाली.

या चुकीची किंमत आपल्याच काळात दिसली. सप्टेंबर २०२० नंतर भारतातील कोविडचे दैनंदिन रुग्ण घटू लागले, तेव्हा ही घट बाधायोग्य लोक संपत आल्यामुळे आहे असे वाचन अनेकांनी केले. शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये शिखर ओलांडले गेल्याचे सांगितले, आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येऊ शकेल असा अंदाज दिला. मे २०२१ मध्ये देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदले जात होते. मध्यंतरी डेल्टा हे विषाणूचे नवे रूप आले होते, आणि वागणूकही बदलली होती. उतरत्या वक्राला यांतील कशाचीही आगाऊ खबर नव्हती.

त्याच वर्षी मुंबईत एक चांगले उदाहरणही घडले. जुलै २०२० मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांना बाधा होऊन गेल्याचे आढळले. शहराची एकच सरासरी काढली असती, तर ती यांपैकी कोणत्याच वस्तीला लागू पडली नसती. वक्रातून न मिळणारी चौथी संख्या वक्राबाहेर जाऊन मोजण्याचे हे काम होते, आणि पुढच्या अंदाजांना त्याने एक घट्ट आधार दिला.

वेगळे काय करता आले असते

१९२७ मध्ये शक्य असलेल्या गोष्टींपुरतेच बोलायचे, तर माझ्या मते पुढील बदल पुरेसे झाले असते. आलेखात मृत्यूंच्या शेजारी त्याच आठवड्यांतील बाधित उंदरांची संख्या आणि सरासरी तापमान यांच्या रेघा काढायला हव्या होत्या. त्यासाठी नवे गणित लागत नव्हते. एका रेघेऐवजी वर दाखवल्याप्रमाणे दोन-तीन वेगळ्या गृहीतकांच्या एकमेकींवर पडणाऱ्या रेघा छापून त्यांची परस्परविरोधी मूल्ये खाली द्यायला हवी होती, म्हणजे वाचकाला इशारा वाक्यातून वाचण्याऐवजी डोळ्यांनी दिसला असता. आणि एका हंगामाला लावलेले अचल न बदलता पुढच्या हंगामावर चालवून पाहायला हवे होते.

साथरोगांच्या सांख्यिकीच्या वर्गात हे प्रकरण शिकवताना मी विद्यार्थ्यांना सूत्राने मिळणारे फक्त पहिल्या बारा आठवड्यांचे आकडे देतो, ११ मार्च १९०६ पर्यंतचे, आणि पुढची रेघ काढायला सांगतो. वाढीचा सुरुवातीचा वेग तसाच पुढे ओढला तर १७ व्या आठवड्याला सुमारे २,७६० मृत्यू येतात, म्हणजे शिखराच्या तिपटीहून जास्त. कोणी आधीच वाकवतो, कोणी उशिरा; चढणीच्या आकड्यांत शिखराची जागा जवळपास लिहिलेलीच नसते, हे प्रत्येकाच्या कागदावर उमटते. त्यानंतर मी त्यांना उंदीर, पिसवा आणि तापमान यांविषयी आयोगाला काय आढळले ते वाचायला देतो, आणि दुसरा प्रश्न विचारतो : जून १९०६ आहे, मृत्यू थांबत आले आहेत, तुम्ही महापालिकेचे आरोग्याधिकारी आहात, तर उंदीर गोळा करणाऱ्या माणसांना कामावरून कमी करायचे की नाही, आणि तुमच्या उत्तरासाठी या आकड्यांतील नेमका कोणता आकडा तुम्ही पुढे कराल?